मी गाळून वाचलेली पत्रं

गेल्या महिन्यात पोलादपूरहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "गुरुजी, बायजाबाई गेल्या." मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला... बरं काय, बरं! त्यांची क्षमा मागायची राहिली होती, ती आता कायमचीच राहिली.

नव्वदच्या सुमारास मी त्यांच्या डोंगरावरच्या वाडीत शाळामास्तर होतो. बायजाबाई विधवा. घरात दोन म्हशी आणि एकुलती एक सुनंदा. तिला अक्षरं मीच गिरवायला शिकवली. लग्न होऊन ती महाडकडे गेली. महिन्या-दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं, की बायजाबाई ते घेऊन शाळेच्या पायरीवर येऊन बसायच्या. "वाचा गुरुजी, काय म्हणतेय माजी पोर?" पोर लिहीत होती, नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, आई, मला घेऊन जा. मी वाचायचो, "मी सुखात आहे, म्हशींना जप." बाई एकटी, जिवाला घोर लावून घेईल, त्यापेक्षा आपणच जाऊन जावयाला समजावू, असं मी ठरवलं होतं. पण कधी परीक्षा, कधी जनगणना... गेलो नाही. खरं सांगायचं तर त्यांचा फुललेला चेहरा बघायची मला चटक लागली होती. एकदा तर सासूने नवं लुगडं घेतल्याचंही मी पदरचं घालून वाचलं.

वर्षभरातच सुनंदाने विहीर जवळ केली. बायजाबाईंनी सगळी पत्रं तिच्यासोबत चितेवर ठेवली. "सुकाचं लिवलंय तिनं, तिच्यासंगं जाऊ द्या." मी तिथेच उभा होतो.

शेजारणींच्या साक्षीवर नवऱ्याला आणि सासूला शिक्षा झाली, छळाची आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याची. मला हायसं वाटलं. आता आपण बोललो नाही तरी चालेल! त्यांनी हायकोर्टात अपील केलं आणि काही वर्षांनी दोघंही सुटले. निकालाची इंग्रजी प्रत घेऊन बायजाबाई माझ्याकडे आल्या. या वेळी मी एक शब्द गाळला नाही. शेजारणींच्या साक्षीत मेळ नाही... मुलीच्या पत्रांत सासरची कसलीच तक्रार नव्हती, हे उलटतपासणीत खुद्द आईनेच सांगितलं आहे...

बायजाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माज्याच तोंडानं सुटली वो ती दोगं."

मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. चहा विचारला.

गेल्या महिन्यात बायजाबाईंच्या बाराव्याला वाडीत गेलो. त्यांना सांभाळणारी पुतणी सांगत होती, "त्या निकालापासून काकी बोलायचीच नाय, गुरुजी. पाणी पायजे झालं तरी हातानंच दाखवायची. बोलाय भ्यायची."