मुक्ताचा फॉर्म

त्या मंगळवारी सकाळी मी माझ्या मुलीला पाणी पिऊ दिलं नाही.

मुक्ता तेव्हा नववीत होती. ज्युदोची निवड चाचणी होती आणि तिचं वजन गटापेक्षा थोडं जास्त भरत होतं.

नेमकी अंगारकी. मी तिला म्हटलं, आज निर्जळी कर, बाप्पा बघतोय.

तिने विश्वास ठेवला. ओठ सुकले, पण तक्रार नाही.

सुलभा तिची कोच. संगमेश्वरच्या आतल्या गावातली, आमच्याच वाडीतली, शाळेत माझ्या एक वर्ग मागे.

सुलभा पुढे ज्युदोत राज्याची चॅम्पियन झाली. नॅशनलला दोनदा मेडल.

तिसऱ्या वेळी वजन उतरवायला तिला दोन स्वेटर घालून पळवलं. दोन दिवस पाणी बंद. मॅटवर प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करायला गेली आणि तिथेच कोसळली.

नंतर ती खेळली नाही. रत्नागिरीत आली, मांडवीजवळच्या एका हॉलमध्ये मुलांना शिकवू लागली. सुरुवातीचे तीन महिने फक्त पडायला शिकवायची.

पाण्याची बाटली विसरलेल्या मुलाला ती मॅटवर पाय ठेवू देत नसे.

त्या सकाळी तिने मुक्ताचा चेहरा बघितला आणि बाटली कुठे म्हणून विचारलं. मुक्ताने उपास आहे म्हणून सांगितलं.

सुलभाने मला बाजूला घेतलं.

"अनंता, तुमच्याकडची अंगारकीची खिचडी खाऊन मी मोठी झाले. निर्जळी कधीपासून रे?"

मी म्हटलं, वजन थोडं जास्त भरत होतं.

"आणि देवाला कशाला मध्ये घेतलंस?"

तिने मुक्ताचं नाव मागे घेतलं. मी नाही नाही ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग मुक्ताजवळ गेली, स्वतःची बाटली तिच्या हातात दिली आणि सांगितलं की फॉर्म भरायचा राहिला, माझी चूक झाली.

खोटं का बोललीस, असं मी नंतर विचारलं.

"मला शिव्या घालू दे तिला. तुला रोज तिच्यासमोर जेवायला बसायचंय."

मुक्ताने क्लास सोडला. मॅडमचं नाव काढलं की उठून आत जायची.

बाकीच्या पालकांतही बोललं गेलं. मॅडमचं आता लक्ष नसतं, साधा फॉर्म भरत नाहीत. दोघा-तिघांनी मुलं काढली. मी त्या घोळक्यात उभा होतो. मान हलवली असेन.

भाट्याच्या किनाऱ्यावर ती मुलांना पळवायला आणायची. मी दिसलो की एवढंच विचारायची, "पोर पाणी पिते ना नीट?"

गेल्या वर्षी सुलभा आजारी पडली. महिनाभर हॉस्पिटलमध्ये होती. मी भेटायला गेलो. हाताला सुई, तरी मला हसली, पोट सुटलंय म्हणाली, तुझा वजनगट कुठला आता?

मी म्हटलं, खरं काय ते सांगतो मुक्ताला. या आठवड्यात नक्की.

"सांग. मी आहे तोवर सांगितलंस तर येईल तरी एकदा हॉलवर."

तो आठवडा गेला. पुढच्या आठवड्यात सुलभा गेली.

मुक्ता अंत्यदर्शनाला आली नाही. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होतो?

रोज देवापुढे दिवा लावतो. पण वर्षभर अंगारकीला नजर वर करता आली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सकाळी दिवा लावला आणि मुक्ताला हाक मारली. देवासमोरच बसवलं. काही लपवलं नाही.

तिने एकच विचारलं, "मॅडमना माहीत होतं, मी त्यांना काय काय बोलायचे ते?"

मी हो म्हटलं.

ती उठली. माळ्यावरून ज्युदोचा पांढरा ड्रेस काढला, आता तोकडा होतो तिला. हातात घेऊनच हॉलवर गेली. जाताना मला चल म्हणाली नाही. बरोबरच आहे.

ज्यांनी मुलं काढली, त्यांच्यासाठी हे इथे लिहितोय.

सुलभा, माझा नमस्कार घे, उशिरा का होईना.

फॉर्म तू वेळेत भरला होतास. आज तिला सांगितलं.