डोकं सगळ्यांचंच दुखतं

आमच्या गल्लीत एखाद्या बाईनं डोक्याला फडकं आवळून बांधलेलं दिसलं, तर कुणी काही विचारायचं नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत, बेगमपुऱ्याच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या गल्लीतली डोकं न दुखणारी बाई मला तरी आठवत नाही. माझं दुखायचं, धाकट्या बहिणीचं दुखायचं. आईचं तर असं दुखायचं, की खिडकीवर गोधडी टाकून ती भिंतीकडं तोंड करून पडायची. उठली की म्हणायची, "थांबा, भाकरी टाकते." दवाखाना? छे! डोक्यासाठी कुणी दवाखान्यात जातं होय? बाम चोळायचा, सुंठ उगाळून लावायची, आणि अर्धशिशी असली तर सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायची. संपलं.

पण घरात लग्नाची मुलगी असली की हेच दुखणं दडवायचं. आईला अर्धशिशी म्हणजे लेकीलाही येणार, मग अशी सून कोण करणार? माझ्या वेळी आईनं बजावलं होतं, "पाहुण्यांम्होरं कपाळाला हात लावायचा नाय." मी नाही लावला. माझं जमलं.

बहिणीला स्थळं बघत होतो त्या साली आईचं डोकं डाव्या बाजूनं उठलं. ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळा लालभडक झाला. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय म्हणाली. शेजारच्या बाया जमल्या. "अगं, अर्धशिशीत दिसतंच तसं," सगळ्यांचं एकच. प्रत्येकीचं दुखत होतं ना, म्हणून जी ती डॉक्टर! पहाटे जिलेबी आणली, तीही ओकून पडली. मग दुखायचं थांबलं, आणि त्या डोळ्यानं दिसायचंही थांबलं.

तेव्हा कुठं दवाखाना आठवला. डॉक्टर म्हणाले, "ही अर्धशिशी नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढलाय. हा डोळा गेला. दुसऱ्यालाही असंच होऊ शकतं, त्यावर आत्ताच इलाज करून घ्या. आणि त्या बाजूचं डोकं दुखलं, तर तडक इकडं या."

आई घरी येऊन म्हणते, "पोरीचं जमू द्या, मग बघू."

मी अशी भडकले! "लग्न तिचं हाय, डोळा तुझा हाय!"

"गंगापूरची माणसं यायचीत. डोळ्याला पट्टी बांधून बसू त्यांच्याम्होरं? एका डोळ्यानं सगळं दिसतंय मला."

गेलेल्या डोळ्याबद्दल काय सांगायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. मोतीबिंदू बिघडला म्हणायचं. मोतीबिंदू काय, म्हातारपणी कुणालाही होतो, त्यात पोरीला कुणी नावं ठेवत नाही.

पाहुणे यायच्या दिवशी मी सासरहून सकाळीच पोचले. आई पोहे भिजवत होती आणि उरलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. "कांदा चिरला," म्हणाली. कांदा तर बहीण चिरत बसली होती. थोड्या वेळानं मोरीतून ओकल्याचा आवाज आला. मी चप्पल घातली, म्हटलं, रिक्षा आणते. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. "बोभाटा केलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हणाली.

काय करावं माणसानं अशा बाईचं?

पाहुणे आले. आई हसत होती. मुलाच्या आईला हाताला धरून आत नेलं, साडी कुठून घेतली विचारलं, जेवायचा आग्रह केला. मुलाची आई म्हणाली, "बाई, तुमचं तोंड उतरल्यासारखं दिसतंय." आई म्हणाली, "उपास हाय ना." ती माणसं जेवली, पानं खाल्ली, तारखेवर बोलत बसली. मला एकेकाला उचलून जीपमध्ये कोंबावंसं वाटत होतं. शेवटी मुलगी पसंत आहे म्हणाले. जीप गल्लीच्या बाहेर पडली, तशी आई दाराची चौकट धरून खाली बसली आणि म्हणाली, "आता चल."

चारेक दिवसांपासून दुखत होतं, हे तिनं डॉक्टरांना सांगितलं. मला नाही. त्यांनी औषधं दिली, दाब उतरवायला डोळ्याला छेद दिला, करायचं ते सगळं केलं. नजर परत आली नाही.

बहीण पहिल्या दिवाळीला माहेरी आली. आईनं तिला जवळ बसवून तोंडावरून हात फिरवला, बोटं कपाळावर थांबली. "तिथं कधी डोकं दुखलं तर बोलू नको, बाई. गप पडून राहा."

बहिणीला रडूच फुटलं. "आई, तिथं सासूचं दुखतंय, जावेचं दुखतंय. नणंद तर उन्हात निघाली की ओकते. दुपारी सगळ्या फडकी बांधून पडतात. सासूनं जुनी साडी फाडून मलाबी एक दिलंय."

आईनं तिच्या कपाळावरची बोटं काढून घेतली. मग म्हणाली, "मंग बघायला आले तवा आपल्याला का नाय सांगितलं त्यांनी?"

"कसं सांगतील?" बहीण म्हणाली. "नणंदेचं लग्न व्हायचंय ना अजून."