समुद्राकडे तोंड केलेला कोनाडा

वास्तुकलेबद्दल मी लिहावं, एवढी माझी समज नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तरी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण वसतिगृहातल्या आमच्या खोलीत एक फोटो लावलेला आहे आणि माझी नजर सारखी तिकडे जाते.

फोटो माझ्यासोबत राहणाऱ्या देवेनच्या घराचा. तो मॉरिशसचा मराठी; त्याचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. वादळात टिकावं म्हणून बांधलेलं सपाट छताचं घर आणि पुढे निळं तुळशीवृंदावन. आमच्या कोकणात वृंदावनातला दिव्याचा कोनाडा घराच्या दाराकडे असतो. यांचा समुद्राकडे.

"उलटा बसवलाय रे," मी म्हणालो होतो.

"उलटा नाही. पणजोबा सांगायचे, आपलं गाव तिकडे आहे. दिवा गावाला दिसायला हवा."

"एवढ्या लांबून?"

"तुला नाही दिसणार," तो हसला.

ज्यांना परत येता आलं नाही, त्यांनी एवढ्याशा कोनाड्यात आपलं गाव राखलं. इकडे त्यांची आठवण कुणी काढत नव्हतं, तरी तिकडे रोज आमच्यासाठी दिवा लागत होता. हे ऋण मला आवडतं.

परवा तिकडे चक्रीवादळ आलं. देवेनच्या आईचा फोन लागेना. तो फोटोसमोर बसून राहिला, जेवलाही नाही.  मी नुसता शेजारी बसलो.

आज सकाळी त्याच्या आईचा निरोप आला. "आम्ही सुखरूप आहोत. तुळस मोडली, वृंदावन उभं आहे. काल दिवा लावला. तुझ्या मित्राला विचार, दिसला का?"