सहा पॉइंट, एक चिठ्ठी

मी चौथीपर्यंत शिकले. त्यामुळे कागदावर काही लिहून आलं की मी ते दोनदा वाचते आणि समजलं नाही तर विचारते. शिकलेली माणसं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, आपल्याला समजलंच असणार.

भोपाळच्या बाग सेवनियात आमच्या कॉलनीच्या मागे एक तळं आहे. ते आमच्या सोसायटीकडे आहे. दर पावसाळ्यात रोहू आणि कतला माशांचं बीज त्यात सोडतात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी गळ टाकायला परवानगी असते. काठाला बारा ठिये बांधलेत. ठिया म्हणजे पाण्यात जरा पुढे आलेला सिमेंटचा ओटा, त्यावर एक माणूस आरामात बसतो. एका ठियावर एक माणूस, एक गळ, सगळा हंगामभर. बारापेक्षा जास्त माणसं बसवली तर दोन वर्षांत तळ्यात बेडूक उरतील, म्हणून हा नियम. तो मला पटतो.

कॉलनीत बहुतेक जण गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांतून रिटायर झालेले. बायकोच्या नजरेसमोरून निघून जायला त्यांना तळ्यासारखी दुसरी जागा नाही. दर वर्षी चाळीसेक अर्ज येतात. आधी जो पहाटे रांगेत लागेल त्याला ठिया मिळायचा. त्यात हातघाई झाली. मग साध्या चिठ्ठ्या काढायला लागले. त्यात एकाला लागोपाठ तीन वर्षं ठिया आणि दुसऱ्याला पाच वर्षं काहीच नाही, असं झालं. तेव्हा पॉइंटचा नियम आला. ज्या वर्षी ठिया मिळाला नाही त्या वर्षाचा एक पॉइंट. जितके पॉइंट, तितक्या चिठ्ठ्या जास्तीच्या. ठिया मिळाला की पॉइंट शून्य.

माझा नवरा गेला तेव्हा त्याचे चार पॉइंट जमले होते. मी ते माझ्या नावावर मागितले. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, पॉइंट माणसाचे असतात, घराचे नाही." ते बरोबरच होतं. त्याच्या गळाला लावायचं पीठ मी मळत होते, पण सोडतीतून रिकाम्या हाताने परत तो येत होता.

मग मी स्वतःच्या नावाने अर्ज केला. ऑफिसात हसले. "अम्मा, आप मछली मारेंगी?"

मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडे गावागावाला तळं. गळाला आम्ही गरी म्हणतो. मी सहा वर्षांची असल्यापासून गरी टाकते. लग्न होऊन भोपाळला आले आणि नवऱ्याला मासे पकडता येत नव्हते, त्यालाही मीच शिकवलं. लोकांना वाटायचं, शेजारच्या मिस्त्रीने शिकवलं.

हा मिस्त्री म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. खराद मशिनीवर, म्हणजे लेथवर, आयुष्य गेलं, जुन्या भोपाळचा, तोंडाने फटकळ. नवऱ्याचा दोस्त होता, मला भाभी म्हणतो. त्याला मागच्या वर्षी ठिया मिळाला होता. मला सहा वर्षांत एकदाही नाही. सहा पॉइंट, म्हणजे यंदा सात चिठ्ठ्या.

आणि यंदा मला ठिया पाहिजेच होता. होळीनंतर मुलगा मला पुण्याला नेणार आहे. घराचा सौदा झाला. त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. तिथून खाली पोहण्याचा तलाव दिसतो, त्यात गरी टाकता येत नाही. पॉइंट काही माझ्याबरोबर पुण्याला येणार नव्हते.

अर्ज दिल्यावर माझ्या डोक्यात आलं, सात चिठ्ठ्या असल्या तर नक्की किती फरक पडतो? कोणाला विचारलं तर "बहुत फ़र्क़ पड़ता है" म्हणायचे. किती, ते कोणी सांगेना. म्हणून मी चिंचोके काढले. सोसायटीच्या फळ्यावर सगळ्यांचे पॉइंट लागलेले असतात, ते उतरवून आणले. ज्याच्या जितक्या चिठ्ठ्या तितके चिंचोके घेतले आणि त्यांवर शाईने घर नंबर घातले. एकूण एकशेतीन भरले. माझे सात. डब्यात घालून हलवायचे, न बघता बारा घरं निघेपर्यंत काढायचे. एकच घर पुन्हा निघालं तर बाजूला ठेवायचं. दुपारचा चहा झाला की चार-पाच वेळा करायची. आठवड्याभरात तीस वेळा केलं. त्यात बावीस वेळा मी आले.

मिस्त्री भिंतीवरून बघत होता. "भाभी, अब इमली के बीज से क़िस्मत तौलेंगी?"

"तुमची पण तोलली," मी म्हटलं. "एकच चिंचोका आहे तुमचा. तीसमधून पाच वेळा निघालात."

"पाँच भी बहुत हैं. अपन तो एक में ही निकल आते हैं."

मला मात्र वेगळंच टोचायला लागलं. गेल्या वर्षी माझ्या सहा चिठ्ठ्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षी पाच. प्रत्येक वेळी हुकायचं म्हणजे जरा जास्तच झालं. होऊ शकतं. डब्यातूनही मी आठ वेळा निघाले नव्हते. पण फळ्यावर पाहिलं तर आठ पॉइंटवाला एक होता, सात पॉइंटवाले दोन. इतके सगळे कमनशिबी एकाच कॉलनीत कसे राहायला आले?

सोडतीच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले. एरवी बायका मागे बसतात, मीही मागेच बसायची. सेक्रेटरी उज्जैनकडचे, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी पाकिटातून चिठ्ठ्या काढून स्टीलच्या पातेल्यात ओतल्या. ढीग मुठीएवढा. आठवडाभर मी एकशेतीन चिंचोके हाताळत होते. एकशेतीन चिठ्ठ्या एवढ्याशा नसतात.

तरी आधी काय होतं ते बघू म्हटलं.

जिच्या घरचा अर्ज नव्हता अशा एका नव्या सुनेला चिठ्ठ्या काढायला उभं केलं होतं. ती काढायची, सेक्रेटरी मोठ्याने वाचायचे. "घर नंबर एकतीस, पॉइंट दोन." टाळ्या. "घर नंबर आठ, पॉइंट शून्य." टाळ्या. बारावी चिठ्ठी मिस्त्रीची निघाली, पॉइंट शून्य. तो उठून सगळ्यांना सलाम करायला लागला. मागून कोणीतरी ओरडलं, "को ख़ाँ, तालाब ख़रीद लिया क्या?"

मी म्हटलं, "उरलेल्या चिठ्ठ्या मोजा."

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "कशाला, वहिनी?"

"मला मोजायच्यात."

सुनेने मोजल्या. अठ्ठावीस निघाल्या.

"बरोबर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "चाळीस अर्ज, चाळीस चिठ्ठ्या. बारा गेल्या, अठ्ठावीस राहिल्या."

"माझ्या किती?"

"तुमची एक. ही बघा." त्यांनी शोधून दाखवली. घर नंबर काळ्या शाईत, खाली लाल शाईत सहा. "तुमचे सहा पॉइंट लिहिलेत की."

"लिहिलेत. पण चिठ्ठी एकच आहे."

"एकच. पण त्यावर सहा आहे ना."

 मग आठ पॉइंटवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "तो मास्साब, उस आठ का होता क्या है?"

"लिखा जाता है," सेक्रेटरी म्हणाले आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडला. तेव्हा त्यांना कळलं.

लबाडी नव्हती. त्यांचा स्वतःचाही अर्ज होता आणि त्यांच्याच चिठ्ठीवर लाल सात होता. पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं असेल, चिठ्ठीवर पॉइंट लिहा. त्यांनी लिहिले. तेव्हापासून दर वर्षी ते लाल आकडे टाकत होते, आम्ही टाळ्या वाजवत होतो. पॉइंट फळ्यावर दिसत होते, चिठ्ठीवर दिसत होते, मोठ्याने वाचले जात होते. पातेल्यात तेवढे नव्हते.

मग गोंधळ झाला. ज्यांचे नंबर निघाले होते ते म्हणाले, निघाली ती निघाली. मिस्त्री माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "भाभी, छह साल कहाँ थीं आप? आज ही गिनना था?"

"छह साल पीछे बैठती थी," मी म्हटलं.

"मैंने क्या चोरी की है?"

"नहीं की. पर ठिया आपका नहीं है."

हे बोलताना मला माझा ठिया दिसत होता, हे मी नाकारत नाही. माझा नंबर बारात असता तर मी चिठ्ठ्या मोजायला लावल्या असत्या का? मला माहीत नाही. बहुतेक नसत्या.

पुढच्या रविवारी पुन्हा सोडत झाली. सेक्रेटरींनी एकशेतीन चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. मी मोजल्या. माझा नंबर सातवा निघाला, नऊ नंबरचा ठिया. आठ पॉइंटवाला म्हाताराही निघाला. मास्तर स्वतः निघाले नाहीत. मिस्त्री सोडतीला आलाच नाही आणि त्याची चिठ्ठीही निघाली नाही.

हॉलबाहेर एका नव्या भाडेकरू मुलीने मला थांबवलं. नोकरी करते, वडिलांसाठी अर्ज केला होता. "आंटी, आपकी सात पर्चियाँ, मेरे पापा की एक. ये बराबरी हुई?"

मी म्हटलं, थांबलं की वाढतात. ती म्हणाली, "और तब तक सबकी बढ़ जाएँगी."

 घरी येऊन पुन्हा चिंचोके काढले. सगळ्यांना सात-सात दिले तर काय होतं ते पाहिलं. सगळ्यांना एक-एक दिल्यावर होतं तेच झालं. म्हणजे पॉइंट सगळ्यांकडे साठले की नसल्यासारखेच. आणि नवा माणूस मात्र तळाला. हे मी मास्तरांना जाऊन सांगितलं. ते मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" मी सांगितलं. "चौथीत मी असतो शिकवायला, तर तुम्हालाही बिघडवलं असतं," म्हणाले. पुढच्या वर्षी चार ठिये नव्यांसाठी वेगळे ठेवावेत का, याचा विचार चाललाय. मी नसेन.

मिस्त्री तीन आठवडे बोलला नाही. मग एका सकाळी भिंतीवरून म्हणाला, "भाभी, नोटिस लगा है. मुझे एक पॉइंट मिला है. इसका सालन बनता है क्या?"

"बनता नहीं. पर दो पर्ची बनती हैं."

चौथ्या रविवारी तो खुर्ची घेऊन आला आणि माझ्या मागे बसला. ठियावर एक सोबती चालतो, गळाला हात लावायचा नाही एवढंच. मी त्याला बोलावलं नव्हतं. माझं पीठ मी कणीक, भाजलेलं बेसन आणि हिंगाचं मळते. त्याने वास घेऊन नाक मुरडलं. दहाच्या सुमाराला दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा देठ पाण्याखाली गेला. कतला होता, मोठा. मी दोरी सोडत सोडत त्याला दमवत होते. तो म्हणाला, "ढील दो, ढील दो!" मी म्हटलं, गप्प बसा. तेवढ्यात कतला दगडाखाली शिरला आणि दोरी तुटली.

"मैं होता तो निकाल लेता," तो म्हणाला.

"पर आप नहीं हैं," मी म्हटलं आणि नवी गरी बांधायला घेतली. पहिल्या तीन रविवारी काही लागलं नव्हतं, आज लागून सुटलं. होळीपर्यंत अजून पंधरा रविवार आहेत.