परत म्हणून दाखव

टिटवे,

तुझ्या निरोप समारंभात माइकवर आलेल्या प्रत्येकाने तुला 'निर्भय' म्हटलं. तुझा नवरा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ताई, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या समारंभाला आलो की काय?" तू मंचावर बसून हाताच्या बोटांची सालं काढत होतीस. निर्भय म्हणे.

खरं कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. तू भित्री आहेस, आणि आजची नाही, जन्माची. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलंच तर पेलायला. म्हणून बाबांनी तुझं ते नाव ठेवलं. दाराला कडी लागली का, गॅस बंद आहे का, बाबा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतात का, सगळ्या घराचा घोर एकट्या तुझ्या जिवाला. संध्याकाळी गच्चीवर वेताच्या आरामखुर्चीत बाबा आणि त्यांच्या पोटावर तू. एखादी चांदणी सरकताना दिसली की ते सांगायचे, हा उपग्रह. बाकीची मुलं टाळ्या पिटायची. तू विचारलंस, "तो दुसऱ्यावर आपटला तर?" बाबा हसले, मीही हसले. पुढे त्याच प्रश्नाचा तुला सैन्याने जन्मभर पगार दिला.

इंजिनिअर होऊन तू गणवेश चढवलास तेव्हा आईने अंथरूण धरलं. पहिली नेमणूक उघड्या टेकडीवरच्या रडार केंद्रावर. तिथले पुरुष रोज सकाळी विचारायचे, "काय मॅडम, आभाळ जागेवर आहे ना?" तू त्यांच्याकडे न बघता उत्तर द्यायचीस, "आहे. पण त्यातला एक तुकडा काल होता तिथे नाही." हळूहळू ते विचारायचे थांबले आणि ऐकायला लागले. कॅप्टन, मेजर, कर्नल अशी तू चढत गेलीस. ब्रिगेडियर झालीस तेव्हा आख्खं केंद्र तुझ्या हाताखाली आलं.

अवकाश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभे राहतात. तुझं अवकाश म्हणजे बिनखिडक्यांची एक खोली, पडद्यांच्या रांगा आणि साय धरलेला चहा. वर चालते उपग्रह आहेत, मेलेले आहेत, फुटक्यांचे तुकडे आहेत. कोण कुणाच्या वाटेत येणार हे आधी ओळखायचं आणि आपल्याला वेळेत बाजूला घ्यायचं. एवढंच काम, पण डोळा लागला की संपलं.

त्या खोलीत तू एक नियम घातलास. पाळी बदलताना नव्या माणसाने जुन्याचं सगळं सांगणं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. तोवर जुन्याने खुर्ची सोडायची नाही. तो नियम तू घरीही आणलास. दूध कोण आणणार? परत म्हण. छत्री कुणाकडे? परत म्हण. तुझ्या लेकीने शाळेत गृहपाठ देणाऱ्या बाईंना विचारलं होतं, मी परत म्हणून दाखवू का. तुझा नवरा म्हणायचा, लग्नाला होकार एकदाच दिला तो चालला, हे माझं नशीब.

त्या दिवशी तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होतीस. मी ठरल्याप्रमाणे तुमच्या केंद्राच्या फाटकाजवळच्या भेटीच्या खोलीत येऊन बसले. प्लास्टिकची फुलं, करकरणारा पंखा, आणि माझ्या पिशवीवर संशय असलेला शिपाई. तू येईनास. मग तुझा मेजर पटांगणातून पळत गेला, बुटाची नाडी सुटलेली. सैन्यातला माणूस नाडी बांधायला थांबत नाही म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.  शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, आत काही नाही." माझ्या पिशवीकडे त्याचं आता लक्षही नव्हतं.

आत काय होतं ते तू मला पुष्कळ नंतर सांगितलंस. तुमचा हवामानाचा जुना उपग्रह, वादळांची सूचना देणारा, आणि दुसऱ्या देशाचा एक, समोरासमोर येत होते. तुमच्या उपग्रहातलं इंधन तळाला गेलेलं. त्याला हलवला तर वादळांच्या दिवसांपर्यंत तो टिकणार नव्हता. म्हणून आदल्या दिवशी तू पलीकडच्या प्रमुखांना फोन करून विनंती केलीस की तुम्ही सरका. ते तुझे जुने शिक्षक. याच कामाचे पहिले धडे तू त्यांच्या देशात जाऊन त्यांच्याकडे गिरवलेले. ते म्हणाले, काळजी करू नकोस, मी बघतो. तू आभार मानलेस आणि फोन ठेवलास.

सकाळी मेजर म्हणाला, मॅडम, आपणही थोडं सरकवू या. तू नाही म्हणालीस. दोघंही हलले तर नेमके एकमेकांच्या अंगावर जायचे, बोळात समोरासमोर आलेल्या माणसांसारखे. काहीही न करता बसणं हे तुझ्यासारखीला किती जड, ते मला ठाऊक आहे. तू हात मांडीखाली घेऊन बसलीस. आणि मग रडारने दाखवलं की पलीकडचा जागचा हललेलाच नाही. आता तुमचा हलवायलाही उशीर झाला होता. दोघं पृथ्वीआड गेले. पलीकडून दोन ठिपके उगवतात की तुकड्यांचा धुरळा, एवढंच बघायचं उरलं. 

दोन ठिपके उगवले. केसभर अंतराने वाचले होते.

तू बाहेर आलीस तेव्हा दुपार उलटली होती. तोंडावर रक्ताचा टिपूस नाही. माझ्या शेजारच्या बाकावर बसलीस आणि म्हणालीस, "ताई, मी त्यांच्याकडून परत म्हणून घेतलं नाही."

मला तेव्हा ओ की ठो कळलं नाही. तुझे शिक्षक तुझ्याकडून उपग्रहाच्या मार्गाचे ताजे आकडे येण्याची वाट बघत होते आणि तू ते सरकण्याची. कोण सरकणार, केव्हा, कुणाच्या आकड्यांवर, एवढं त्यांनी परत म्हटलं असतं तर तिथल्या तिथे उलगडलं असतं. पण गुरूला धडा म्हणून दाखवायला कसं सांगायचं? शिपायापासून कर्नलपर्यंत सगळ्यांना लावलेला नियम तू एका माणसापुढे गिळलास.

घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी तुला समजावलं. नवरा म्हणाला, जे घडलंच नाही त्याची कबुली कसली देतेस. मीही त्याचीच री ओढली, कारण वरची सगळ्यात मोठी खुर्ची तुला मिळणार हे तेव्हा उघड गुपित होतं. तू ताटातला भात चिवडत म्हणालीस, "पुढच्या वेळी कुणी मोठा माणूस फोनवर असेल, तेव्हा माझी पोरं गप्प बसतील. कारण मी बसले."

अहवालात तू स्वतःची चूक स्वतः लिहिलीस. खुर्ची तुझ्या मागच्या तुकडीतल्या एकाला गेली. नियमात मात्र एक ओळ वाढली: समोरचा कितीही मोठा असो. निरोपाच्या भाषणांत कुणी त्या ओळीचं नाव काढलं नाही. खुर्चीविषयी तू मला कधी काही बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही, कारण तुझी बोटं मला दिसत होती.

आता निवृत्त झाली आहेस, तर कामाचं बोलते. बाबांची आरामखुर्ची आपण दोघींनी मिळून वेत विणायला टाकली होती, तुझ्या बदलीच्या गडबडीत. मला वाटलं, गाडी तुझ्याकडे आहे, तू आणशील. तुला वाटलं, दुकान माझ्या वाटेवर आहे, मी आणीन. काल त्या बाजूला गेले होते. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे, आणि वेतवाला कुठे गेला ते शेजाऱ्यालाही सांगता येईना.