दोन डावांच्या मधली गोफण

पोपटराव,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते, पण मी तुमच्यावर चिडलेली होते, तेव्हा नमस्कार गाळते. त्या मंगळवारी मैदानावर तुम्ही हसत होतात. लोक ‘वन मोअर’ म्हणाले की पुन्हा गोफण फिरवत होतात. तुमच्या जागी मी असते तर डोक्यावरचा फेटा काढून हर्षलच्या हातात दिला असता आणि सरळ बसस्टॉप गाठला असता. तुम्ही तसं का केलं नाहीत, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, आणि मग राग तुमच्यावरून उठून जिथे जायला हवा होता तिथे गेला. झालं ते सगळं एकदा नीट लिहून काढते, स्वतःलाही तिऱ्हाईत धरून. कुठे चुकलं असेल तर सांगा. तुम्ही सांगणार नाही, तेही मला ठाऊक आहे.

आर्याची आजी,
सुनीती

पोपटराव मूळचे मंगळवेढ्याकडचे. काळ्या रानातली ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात, आणि थवे उतरले की कुणाला तरी उंच माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवावी लागते. पोपटरावांचे वडील दुसऱ्यांच्या रानाची राखण करायचे. त्यांच्यामागे ते काम पोपटरावांकडे आलं. नाव पोपट आणि धंदा पोपट हाकायचा, म्हणजे गावाला वेगळी करमणूक नको. “पोपट पोपटाला हाकतोय, भावकीचंच भांडण हाय,” असं पारावरची मंडळी म्हणायची. पोपटराव त्यांच्याबरोबर हसायचे. हसणं त्यांना फार लवकर येतं.

पण हसता हसता माणसाने मनात काहीतरी ठरवलेलं होतं. ते गाडी शिकले, ट्रकवर क्लीनर म्हणून हिंडले, मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि एका ओळखीच्या माणसामागोमाग कतारला, दोह्याला आले. गोफण घरात आढ्याला टांगली होती, ती तिथेच राहिली. पुन्हा तिला हात लावायची पाळी येऊ नये, म्हणूनच तर इतक्या लांब यायचं.

दोह्यात ते शाळेची बस चालवायचे. राहायला बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीत, एका खोलीत चौघं. सकाळी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या गल्ल्यांतून मुलं गोळा करायची आणि दुपारी ज्याचं त्याला पोचवायचं. मुलांना चढवायला-उतरवायला हमिदा नावाची बाई असायची. ती सगळ्यांशी हिंदी बोलायची, मुलं आपसात इंग्रजी बोलायची, आणि पोपटराव गप्प राहून आरशात बघत गाडी हाकायचे.

आर्याला उतरवून घ्यायला खाली सुनीतीबाई उभ्या असायच्या. पुण्यातल्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता मुलाकडे, विजयकुमारकडे, व्हिसा असेपर्यंत राहायला आलेल्या. नातीला मराठीत काही विचारावं तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यामुळे पहिल्याच दिवशी ड्रायव्हरच्या तोंडून “पोरी, डबा इसरलीस की,” हे ऐकल्यावर त्या बसच्या दारातच म्हणाल्या, “गाव कुठलं हो तुमचं?”

तेव्हापासून रोज दोन वाक्यं व्हायची. मागची गाडी हॉर्न वाजवेपर्यंत किंवा हमिदा “यल्ला, यल्ला”, चला चला, म्हणेपर्यंत.

हर्षल त्या मंगळवेढ्याचाच. ज्या रानाची पोपटराव राखण करायचे ते हर्षलच्या आजोबांचं. सुट्टीत गावी आला की हे पोरगं शिडीने माळ्यावर चढायचं आणि दिवसभर खाली उतरायचं नाही. गोफणीचा फास बोटात कसा अडकवायचा, दगड कधी सोडायचा, हे पोपटरावांनी त्याला मागे उभं राहून, हाताला हात धरून शिकवलं होतं. आता हर्षल इथे एका मोठ्या फायनान्स कंपनीत होता आणि इथल्या मराठी मंडळाच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन होता. मंडळाच्या गणपतीत पोपटराव पंगतीला बसलेले दिसले तेव्हा तो ताटावरून उठून आला, खरकट्या हाताने मिठी मारली आणि सगळ्यांना म्हणाला, “हे आमचे पोपटतात्या. यांच्या मांडीवर वाढलोय मी.”

पोपटरावांना एवढं पुष्कळ झालं. शुक्रवारी इकडे सुट्टी, त्या सकाळी ते बरवाहून बस बदलत मुऐदरला जाऊ लागले. तिथे घरांच्या मागच्या मोकळ्या जागेवर मंडळाचा सराव चालायचा. बॅटिंग त्यांना यथातथाच यायची. पण सीमेवरून फेकलेला चेंडू मध्ये टप्पा न पडता थेट स्टंपात जायचा. हा हात कुठून आला, ते फक्त हर्षलला ठाऊक होतं.

“फेब्रुवारीत खेळ दिनाची मॅच आहे, तात्या,” हर्षल म्हणाला. “खेळ दिनाला सगळ्यांनाच सुट्टी असते. तुम्ही मला फील्डिंगला पाहिजेच. जुन्या काळचं क्रिकेट करायचंय यंदा. पांढरे कपडे, गोल टोप्या, सगळं.”

“मला पण पांढरे कपडे?”

“मग काय, लुंगीवर खेळणार? टेलरला माप देऊन या.”

पोपटरावांनी माप दिलं, आणि त्याच दिवशी घरी फोन केला. त्यांची बायको अंजना कौतुक करणारी नाही. ती म्हणाली, “बोलून काय उपेग? फोटू धाडा. आपल्या बबीताला तिच्या वर्गातल्या पोरी अजून पाखरं हाकणाऱ्याची म्हणत्यात. तिला दाखवू दे एकदा.”

तर एवढंच होतं. पांढऱ्या कपड्यातला, मैदानात उभा असलेला एक फोटो. खोलीतल्या कुणाला सांगायला त्यांना संकोच वाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी बसच्या दारात त्यांनी सुनीतीबाईंना सांगितलं.

“मॅडम, तुमी यायचं मॅचला. आन मी फिल्डिंगला हुबा असताना एक फोटू काढायचा. पाय धरून पूर्ण यायला पायजे.”

“पाय कशाला?”

“बूट बी पांढरे हायत.”

सुनीतीबाईंनी कबूल केलं. आणि क्रिकेट निघालंच आहे म्हणून मग रोज थोडीथोडी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं तेव्हाची. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची एक क्रिकेट टीम लोकर वाहणाऱ्या जहाजातून इंग्लंडला नेली होती. त्या देशातून परदेशी खेळायला गेलेली ती पहिलीच टीम.

“बोटीनं न्हेलं व्हय? किती दिस?” 

“काही महिने. आणि मग सबंध उन्हाळा गावोगाव खेळवलं.”

“खेळायचे का पण चांगले?”

“जितके जिंकले तितकेच हरले. गोऱ्यांच्या देशात जाऊन, गोऱ्यांच्या खेळात.”

“म्हंजे चांगलेच की.”

“चांगलेच. पण मॅच संपली की त्यांना अंगावर कातडी चढवून भाले आणि बूमरँग फेकून दाखवायला लावायचे. एकाला तर ढाल घेऊन मध्ये उभा करायचे आणि लोक त्याला चेंडू मारायचे. त्याने चुकवायचे.”

“कशापायी?”

“तिकिटं खपायची. क्रिकेटपेक्षा लोक त्यालाच यायचे.”

“आन त्यास्नी काय वाटायचं?”

“ते कुणी विचारलं नाही. म्हणून लिहिलेलं नाही.” मागून हॉर्न वाजला.

हीच गोष्ट सुनीतीबाईंनी जानेवारीत मंडळाच्या बैठकीतही सांगितली. विजयकुमारच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं, साबुदाणा खिचडी आणि चहा. हर्षल पुढच्याच खुर्चीवर होता, सारखी मान डोलवत. खेळ झाल्यावर खेळाडूचं जनावर कसं केलं जातं, हे सुनीतीबाईंनी मराठीत, स्पष्ट, दोनदा सांगितलं. शेवटी हर्षल प्लेट ठेवून उठला आणि म्हणाला, “काकू, जबरदस्त कन्सेप्ट आहे.” त्यांना वाटलं, पोराला नीट शब्द सापडत नाही एवढंच. भाव पोचला असेल.

खेळ दिनाच्या मंगळवारी हवा छान होती. मैदान भाड्याने घेतलेलं, कडेला तंबू, माईक, मंडळाची कुटुंबं आणि हर्षलच्या कंपनीतले चार-पाच देशांचे पाहुणे. पोपटराव पांढऱ्या कपड्यात आले होते. शर्टाची घडी मोडू नये म्हणून बसमध्ये उभ्याने आले. सुनीतीबाईंनी मोबाईल वर केला तेव्हा त्यांनी हाताने नको म्हटलं. “आता न्हाई. मैदानात गेल्यावर.”

हर्षलच्या टीमची बॅटिंग पहिली. पोपटराव अकरावे, त्यांची पाळी आली नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांचं काम दुसऱ्या डावात होतं.

दोन डावांच्या मधे हर्षल एक पिशवी घेऊन आला. आत धोतर, फेटा, घोंगडं, आणि खाली गोफण. नवी नाही. हर्षलच्या आईने पोपटरावांच्या घरी जाऊन, अंजनाकडून, आढ्यावरची मागून घेऊन दोह्याला धाडलेली. मॅचला लागते एवढंच सांगून.

“तात्या, पाच मिनिटं. पाहुण्यांना आपलं गावचं काहीतरी दाखवू. तिकडे स्टंपवर डबे ठेवलेत, ते उडवायचे.”

“कपडे बदलून?”

“त्याशिवाय लूक येत नाही.”

“आन मग फिल्डिंग?”

“ती आहेच की. तुम्ही आटपा लवकर.”

पोपटरावांनी लवकर आटपलं. पांढरे कपडे घडी करून खुर्चीवर ठेवले, बूट खाली. फेटा बांधून ते मध्ये गेले तेव्हा माईकवरून हर्षल इंग्रजीत म्हणत होता की दीडशे वर्षांपूर्वी मॅचच्या मधे असेच खेळ दाखवायचे आणि आज आपणही तेच करतोय. पोपटरावांना त्यातलं क्रिकेट आणि शो एवढंच कळलं. त्यांनी गोफण फिरवली. इतक्या वर्षांनी तो फटकारा ऐकून त्यांचं त्यांनाच बरं वाटलं, हेही खरं आहे. पहिला डबा उडाला. लोक उभे राहिले. ‘वन मोअर’ झालं. दुसरा उडाला. मुलं धावत आली, पाहुण्यांनी खांद्यावर हात टाकून फोटो काढले. पोपटराव प्रत्येकाकडे बघून हसले. एकदा कॅप्टनचं मन राखलं की लगेच मैदानात जायचं होतं, म्हणून हसले.

तंबूत परत आले तर खुर्चीवर पांढरे कपडे नव्हते. ते घालून वेदांत बाहेर पडत होता. त्या मॅचचा खर्च केलेल्या साहेबाचा भाचा. पँट त्याला आखूड होत होती.

“वेदांतला घेतलंय आत,” हर्षल म्हणाला. “तुम्ही दमला असाल.”

“मी कुठं दमलो?”

“तात्या, आता एवढ्या लोकांसमोर नको ना. तुम्हीच तर आजचे स्टार आहात.”

शेजारी वरुण बूट बांधत होता. टीमचा विकेटकीपर, मनाने वाईट नाही. तो सहज म्हणाला, “पण पोपटराव, तुम्ही शोसाठीच होतात ना? आम्हाला तर जानेवारीपासून माहीत होतं.”

पोपटरावांनी हर्षलकडे पाहिलं. लोकांसमोर ते त्याला नेहमी अहो-जाहो करायचे. आता ते विसरले. 

“तू मला माप द्यायला लावलंस,” ते म्हणाले.

“ते सगळ्यांचंच घेतलं, तात्या.”

“मी घरी सांगून बसलोय रं.”

हर्षलने घड्याळ पाहिलं. पंच बाहेर उभे होते.

सुनीतीबाई तोवर तंबूत शिरल्या होत्या. “हर्षल, माझ्या व्याख्यानाला तू समोर बसला होतास. काय ऐकलंस तू नक्की?”

“काकू, तुमच्याच व्याख्यानातून तर आयडिया आली.”

“माझ्या नावावर घालू नकोस. मी काय झालं ते सांगितलं, पुन्हा कर असं सांगितलं नव्हतं.”

“आई, चल ना,” विजयकुमार मागून म्हणाला. “कशाला वाढवायचं? हर्षलशी ऑफिसात रोज काम पडतं माझं.” आर्याने “आजी, प्लीज” म्हणून हात ओढला. पोपटराव त्या गडबडीत तंबूच्या मागच्या बाजूने निघून गेले. धोतरावरच. पांढरे बूटही वेदांतने नेले होते, तेव्हा बसमध्ये घालून आलेले जुनेच बूट चढवले. गोफण टेबलावर राहिली.

त्याच संध्याकाळी फोटो मंगळवेढ्यात पोचला. हर्षलने आईला धाडला, आईने गावाच्या ग्रुपवर टाकला, कौतुकानेच. खाली कुणीतरी लिहिलं, ‘पोपट दुबईला जाऊन पण पाखरंच हाकतोय.’ दुबई आणि दोहा गावाला सारखंच. अंजनाचा फोन आला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, “मला वाटलं, खेळायला न्हेली म्हणून दिली मी गोफण. आदी सांगितलं असतंसा तर दिली नसती.” बबीता बोलायला आली नाही.

खेळ दिनानंतरच्या गुरुवारी सुनीतीबाई बसच्या दारात उभ्या राहिल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, “तुम्ही इतके हसत का होतात?”

“फिल्डिंग करायची हुती ना मॅडम,” पोपटराव म्हणाले. “कॅप्टन नाराज झाला तर घेत न्हाईत.”

सुनीतीबाईंनी आर्याचं दप्तर खांद्यावर घेतलं.

“फोटो राहिलाय माझ्याकडचा,” त्या म्हणाल्या. “मॅचबिच गेली खड्ड्यात. मी कपडे आणते. कुठल्याही मैदानावर उभे राहा. पायांसकट काढते.”

“खेळत नसताना?”

“फोटोत कुणाला कळतंय?”

ते थोडे हसले. “शुक्रवारी बघू, मॅडम. इन्शाल्ला.”

बाईंनी बाजारात जाऊन पांढरा शर्ट, पँट आणि बूट आणले. नंबर अंदाजाने. शुक्रवारी फोन लागला नाही. रविवारी शाळा सुरू होऊन बस आली तेव्हा स्टिअरिंगवर उसामा नावाचा पोरगेला ड्रायव्हर होता. पोपटभाईंनी स्वतःच मागून मुऐदरचा रूट घेतला, असं हमिदाने सांगितलं. सुनीतीबाई विजयकुमारला म्हणाल्या, बरवाला घेऊन चल. तो म्हणाला, या वीकेंडला नको आई. पुढच्या वीकेंडला पाहुणे आले. त्याच्या पुढच्या वीकेंडला सुनीतीबाईंचं विमान होतं.

कपडे आर्याच्या कपाटात वरच्या खणात आहेत. इस्त्री केलेले, बुटांच्या खोक्यावर ठेवलेले. फोटो काढायचा राहिला.