अर्ध्या मापाची काडतुसं

तळघरातल्या टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही, हा नियम काकांनी पहिल्याच शनिवारी सांगितला.

"तुझ्या व्हिसावर बंदूक चालत नाही, काडतूसही चालत नाही. काही अपवाद असतात म्हणे, पण आपण अपवादात शिरायचं नाही. तू फक्त बघायचं आणि दिसेल ते बोलायचं."

मी पुण्यातल्या एका दैनिकात अकरा वर्षं वृत्तसंपादनाचं काम केलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे ट्रॉय या अमेरिकन शहरात आले, आणि सुरुवातीची काही वर्षं मला इथं काम करायची परवानगी नव्हती. काका-काकू आमच्याच रस्त्यावर, चार घरं पलीकडे राहतात. नात्याचे नाहीत. काका मोटारींच्या कारखान्यात धातुतज्ज्ञ होते. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाल्यावर काकूंनी अट घातली होती, की खाली एकट्यानं बसायचं नाही.

"नाहीतर ते सगळं सामान मी कचऱ्यात टाकीन," काकू माझ्यासमोरच म्हणाल्या.

"बंदुकीची दारू कचऱ्यात टाकता येत नाही. शहराचा नियम आहे."

"मग तुम्हाला टाकते. त्याला नियम नसेल."

अशा रीतीनं मी दर शनिवारी सकाळी दहा वाजता त्या टेबलाशेजारी बसू लागले.

काकांची रायफल बावीस-अडीचशे जातीची आहे. गोळी लहान, शेंगदाण्याहून थोडी लांब, पण तिच्या मागचं पितळी नळकांडं मोठं असतं. त्यामुळे गोळी फार वेगानं जाते. ही रायफल ते एकाच कामासाठी वापरत. तासाभराच्या अंतरावर एक शेत आहे, तिथं घोड्यांसाठी गवत पिकवतात. ग्राउंडहॉग नावाचा, मांजराहून मोठा आणि जाडजूड प्राणी त्या शेतात बिळं करतो. एकदा अशाच बिळात पाय जाऊन शेतमालकिणीच्या घोडीचं हाड मोडलं आणि तिला मारावं लागलं. तेव्हा मालकिणीच्या वडिलांनी काकांना शेतात येऊन हे प्राणी मारायची परवानगी दिली. वडील गेले, परवानगी राहिली. तीस वर्षं झाली.

काकू यावर एवढंच बोलत. "देवघरासमोर हात जोडायचे आणि जिना उतरून काडतुसं भरायची. आमच्या घराण्यात कुणाला झुरळ मारताना पाहिलं नव्हतं."

काका काडतुसं स्वतः भरत, त्याला कारण होतं. पहिल्या वर्षी ते दुकानातली काडतुसं वापरत. एका सकाळी गोळी चार बोटं मागं लागली. जखमी प्राणी सरपटत बिळात गेला आणि बाहेर आला नाही. काका दुपारपर्यंत बिळापाशी उभे राहिले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही पितळी नळकांडी पुसता पुसता, मान वर न करता. त्यानंतर कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून ते काडतुसं भरायला शिकले. प्रत्येक माप सारखं, प्रत्येक गोळी सारख्याच खोलीवर बसवलेली. कागदावर मारलेल्या तीन गोळ्या जुन्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या, तरच ते शेतात जात. नाही झाकल्या, तर घरी येत.

त्याच सहकाऱ्यानं रायफलला हल्लीची नळी बसवली होती. तो वारला, त्याची कार्यशाळा मुलांनी विकली. दुसरे कारागीर आहेत. पण काका म्हणत, "नवी नळी समजायला दोन वर्षं लागतात. माझ्याकडे ती आहेत का, हे डॉक्टरला विचार. मला हीच पुरली पाहिजे."

ती पुरवणं हा त्यांचा उद्योग होता. या जातीच्या नळ्या लवकर संपतात. गोळी जिथून नळीच्या आतल्या वळणदार खाचांमध्ये, म्हणजे आट्यांमध्ये, शिरते त्या जागेला ते घसा म्हणत. गरम वायू तिथलं पोलाद दर बारानं थोडं थोडं खातो. मग गोळीला आटे उशिरा सापडतात आणि नेम फाकतो. म्हणून काका तीन बार काढून थांबत. मनगटाची आतली बाजू नळीला लावून बघत. चटका बसला तर थर्मासमधला चहा ओतत, आणि चहा संपेपर्यंत चौथा बार नाही. घरी आल्यावर सळईला कापडाचे चौकोनी तुकडे लावून नळी आतून पुसत. तांब्याचा अंश असेल तर तुकडा निळा होऊन बाहेर येई. तो पांढरा येईपर्यंत ते सोडत नसत.

मी यायला लागण्याआधी वर्षभर त्यांनी आणखी एक बदल केला होता. जलद जळणाऱ्या जातीची दारू घ्यायची आणि ती कमी भरायची. आवाज कमी, धक्का कमी, उष्णता कमी. जवळच्या अंतरापुरताच पल्ला मिळे, पण काकांनी दूरचे नेम सोडूनच दिले होते. घशाची झीज जवळजवळ थांबली. दर महिन्याला ते मोजपट्टीनं ती तपासत आणि आकडा मला मोठ्यानं वाचायला लावत.

या बदलातला धोकाही त्यांनीच मला समजावून दिला होता. "पूर्ण माप भरलं, की नळकांडं गळ्यापर्यंत भरतं. चुकून दुसऱ्यांदा ओतलं तर बाहेर सांडतं, लगेच कळतं. आता ते अर्धंच भरतं. म्हणजे दुसरं माप आत मावतं. सांडत नाही, काही नाही. वरून गोळी बसवली की सगळी सारखीच दिसतात."

"मग कळणार कसं?"

"त्याच्यासाठी टॉर्च."

पन्नास भोकांचा एक लाकडी ठोकळा होता. रिकामी नळकांडी त्यात उलटी उभी असत. एक उचलायचं, सुलटं करायचं, तोंडावर नरसाळं ठेवायचं, तराजूवरचा आकडा मी वाचायचा, मग दारू ओतायची. पन्नास झाली की काका खुंटीवरचा टॉर्च घेऊन एकेका नळकांड्यात प्रकाश पाडत. आम्ही दोघं आलटून पालटून आत बघत असू. पातळी सारखी दिसली की मी "ठीक" म्हणायचं. पन्नास वेळा. त्याशिवाय गोळ्या बसवायच्या नाहीत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी बाजारातून येताना माझ्या गाडीचं टायर बसलं आणि मी पाऊण तास उशिरा पोचले. तसा निरोप मी आधी कळवला होता. खाली गेले तेव्हा काका प्लास्टिकच्या डब्याचं झाकण लावत होते.

"झालं," ते म्हणाले. "पन्नासच्या पन्नास. म्हटलं, तू येईपर्यंत आटपून टाकावं. काकू गॅरेजमध्ये आहे, तिला नको सांगू."

मी नेहमीच्या स्टुलावर बसले. समोरच्या खुंटीवर काही नव्हतं.

"काका, टॉर्च कुठंय?"

त्यांनी खुंटीकडे बघितलं. मग टेबलावर, टेबलाखाली, पुन्हा खुंटीकडे.

"मी बघितलं ना आत," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बघितलं असेल."

मी जिन्यातून ओरडून विचारलं, तेव्हा गॅरेजमधून काकूंनी सांगितलं, की टॉर्च त्यांच्याकडे आहे, कानातलं गाडीच्या सीटखाली पडलंय, दोन मिनिटांत आणून देते. तो सकाळी नऊपासून त्यांच्याकडेच होता.

काकांनी डब्याचं झाकण उघडलं. तराजू पुन्हा सुरू केला आणि ते एकेक तयार काडतूस त्यावर ठेवायला लागले. मी आकडे वाचले. पितळाच्या वजनात थोडा फरक असतो, तेवढा पहिल्यापासून दिसत होता. एकतिसावं काडतूस जड भरलं. त्याच्या वजनात एका मापाइतका फरक होता. मी आकडा वाचला. काका म्हणाले, "परत वाच." मी परत वाचला.

त्यांनी ते बाजूला ठेवलं. उरलेली एकोणीस तपासली. ती ठीक होती.

हातोडीच्या आकाराचं एक प्लास्टिकचं हत्यार असतं. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवून लाकडावर आपटलं, की गोळी सुटी होते आणि दारू बाहेर पडते. काकांनी जड काडतूस तसं उघडलं आणि दारू तराजूवर ओतली. नेमकी दुप्पट होती.

"फोन आला होता," ते म्हणाले. "क्युपर्टिनोहून, मुलीचा. मी ओतलं आणि उठलो. परत आलो तर नरसाळं त्याच्यावरच होतं. वाटलं, ओतायचं राहिलंय." नंतर ते म्हणाले, "हे उडालं असतं तर रायफल माझ्या तोंडाशी फुटली असती."

मला वाटलं काम संपलं. बाकीची एकोणपन्नास वजनात बसत होती. काकांनी नकारार्थी मान हलवली. शंका आली की सगळा घाणा उघडायचा, हा त्यांच्या सहकाऱ्याचा नियम होता. त्यांनी दुसरं काडतूस हत्यारात अडकवलं. एका काडतुसाला तीन ते पाच ठोके लागतात. हात थरथरत होता, त्यामुळे काही ठोके तिरपे पडले आणि त्यांना जास्त लागले. मी शेजारी बसले होते आणि मला कशालाही हात लावता येत नव्हता. मी संख्या मोठ्यानं म्हणत राहिले.

"अहो, सुतारकाम काढलंय का खाली?" काकूंचा आवाज जिन्यावरून आला.

"हो."

"मग कपाटाची फळीही ठोका एकदाची. दिवाळीपासून सांगतेय."

पन्नासावं उघडायला दीड वाजला. काकांनी सगळी दारू एका भांड्यात घेतली. बाटलीत परत ओतली नाही. मागच्या अंगणातल्या ओल्या मातीत पातळ पसरली आणि वर पाणी सोडलं.

जेवताना त्यांनी काकूंना सांगितलं. बातमी सांगावी तसं, क्रमानं. एक काडतूस दुप्पट भरलं गेलं, सापडलं, सगळी उघडली.

काकूंचा वाढणारा हात थांबला. "टॉर्च मी नेला होता."

"तू नेलास म्हणून नाही. तो तिथं नाही, हे मला दिसलं नाही, म्हणून."

"मग आता?"

"आता भरणं बंद."

गेली तीस वर्षं काकूंना हेच हवं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बंद करा असं कुणी सांगितलंय? मी आपली नुसती बोलते." काकांनी ताक मागितलं. काकूंनी ते वाढलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी दुकानातून तयार काडतुसांचे डबे आणले. ती पूर्ण ताकदीची असतात. याचा अर्थ त्यांना माहीत होता, आणि त्यांनी तो मला मोजपट्टीवर दाखवला. अर्ध्या मापावर ही नळी त्यांच्यानंतरही टिकली असती. आता ती जितकी टिकेल तितकी. शेतातल्या पहिल्याच बाराला मालकीण घरातून बाहेर आली आणि आज आवाज एवढा मोठा कसा, असं तिनं विचारलं. काकांनी काडतुसं बदलली आहेत, एवढंच सांगितलं.

तीन बार, मनगट, चहा हे चालूच राहिलं. कापडाचे तुकडे पांढरे येईपर्यंत पुसणंही. पण दर महिन्याचा आकडा वाढत गेला. सप्टेंबरमध्ये काकांनी नळीत बारीक कॅमेरा सोडला आणि मला पडद्यावर काय दिसतं ते सांगायला लावलं. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगा पडल्या होत्या. मी तसं सांगितलं. "कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही शेतावर गेलो. गवताची शेवटची कापणी झाली होती. काकांनी नेहमीसारखा कागद लावला, तीन बार काढले. मी दुर्बिणीतून बघितलं. नाण्यानं झाकणं दूरच, तीन भोकं चहाच्या बशीखाली जेमतेम मावली असती. दहा मिनिटं थांबून त्यांनी आणखी तीन बार काढले. त्यांतही फरक नव्हता.

त्याच वेळी कुंपणापाशी एक ग्राउंडहॉग बिळातून वर आला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. अंतर जवळचं होतं. काकांनी रायफलीच्या दुर्बिणीतून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट उघडला, आत काडतूस नाही हे बोटानं चाचपून पाहिलं, आणि मनगट नळीला लावलं. नळी निवेपर्यंत आम्ही चहा घेतला. तोवर प्राणी निघून गेला होता.

त्यांनी मालकिणीला सांगितलं, की आता त्यांना खात्री देता येत नाही, तेव्हा ते बार काढणार नाहीत. घोड्यांचं काय, असं तिनं विचारलं. तो प्रश्न खराच होता. काकांनी शेताकडे बघितलं आणि बिळं कुठं कुठं आहेत ते आपल्याला पाठ आहे, असं ते म्हणाले.

तेव्हापासून आम्ही शनिवारी शेतावर जातो. काका पुढं चालतात आणि जुनं किंवा नवं बीळ दिसलं की थांबतात. मालकीण तिथं काठी रोवते आणि वर लाल फडकं बांधते. काठ्यांची मोळी माझ्याकडे असते. तिला हात लावायला व्हिसाची हरकत नाही.